बालकांच्या अल्पपोषणाचे प्रादेशिक स्वरूप : उंचीचा नकाशा आणि वजनाचा नकाशा

अंगणवाडीच्या काट्यावर दोन मुली वजनासाठी आणल्या आहेत असे समजू. दोघींनीही वयाची तीन वर्षे पूर्ण केली आहेत आणि दोघींचेही वजन १०.६ किलोग्रॅम भरते. तीन वर्षांच्या मुलीच्या वजनाची जी किमान मर्यादा सध्या मानली जाते तिच्याखाली दोघीही येत असल्यामुळे नोंदवहीत दोघींची गणना एकाच रकान्यात होईल. परंतु एकीची उंची ८४ सेंटिमीटर आहे, दुसरीची ९५. पहिली वयाच्या मानाने फारच ठेंगणी आहे, मात्र तिच्या उंचीला तिचे वजन साजेसे आहे. दुसरीची उंची वयाला शोभेशी आहे, पण तिच्या हाडांवर मांस नाही. पहिलीची वाढ मागील दोनतीन वर्षांत हळूहळू खुंटत आलेली असते. दुसरीला आज या घटकेस जिवाचा धोका अधिक असतो. दोघींना लागू पडणारा 'कुपोषित' हा शब्द एकच असला तरी त्यामागील इतिहास वेगळा आहे, आणि उपायही बहुधा वेगळाच असावा लागतो.

पोषणशास्त्रात या दोन अवस्थांना निरनिराळी नावे आहेत. वयाच्या मानाने उंची कमी असणे यास येथे खुजेपणा म्हटले आहे, उंचीच्या मानाने वजन कमी असणे यास कृशता, आणि वयाच्या मानाने वजन कमी असणे यास अल्पभार. प्रमाण म्हणून घेतलेल्या निरोगी बालकांच्या मध्यकापासून जे मूल दोन प्रमाण विचलनांहून अधिक खाली असेल ते त्या त्या सदरात मोडते. निरोगी समाजातही शंभरांत दोनतीन मुले या व्याख्येनुसार अशी सापडणारच. म्हणून शेकडा ३५ किंवा ४० हे आकडे वाचताना ते शून्याशी नव्हे, तर या दोनतीनांशी ताडून पाहावेत. तिसरे सदर पहिल्या दोहोंचे मिश्रण आहे, हेही ध्यानात ठेवणे अवश्य आहे. ज्या प्रदेशात अल्पभार बालके पुष्कळ आहेत तेथे ती खुजी असल्यामुळे अल्पभार आहेत की कृश असल्यामुळे, हे केवळ वजनाच्या आकड्यावरून कळत नाही.

आपल्याकडे दीर्घकाळ केवळ वजनच मोजले गेले. मेक्सिकोतील बालरोगतज्ज्ञ फेडेरिको गोमेझ व त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात अपेक्षित वजनाच्या शेकडेवारीवरून तीन श्रेणी पाडल्या होत्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९७२ मध्ये त्यातून चार श्रेणींची पद्धत तयार केली, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर तीच अंगणवाड्यांत रूढ झाली. 'श्रेणी तीन व चारची मुले' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत जो परिचित झाला तो या पद्धतीमुळे. उंची मोजण्यास फळी लागते, ती मोजणाऱ्यास शिक्षण द्यावे लागते आणि मूल स्थिर धरावे लागते. काट्यावर वजन घेणे त्या मानाने सोपे. इतक्या साध्या कारणामुळे आपल्या प्रशासनाची दृष्टी तीन दशकांहून अधिक काळ वजनावरच खिळून राहिली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने १९९२-९३ पासून वेगवेगळ्या फेऱ्यांत प्रदेशवार आकडे दिले आणि काळाबरोबर झालेला बदल पाहण्याची सोय झाली. तथापि या फेऱ्या एकमेकींशी जशाच्या तशा जोडता येत नाहीत. पहिल्या फेरीत चार वर्षांखालील बालके घेतली होती, १९९८-९९ च्या दुसरीत तीन वर्षांखालील, आणि २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून पाच वर्षांखालील. मापाचे प्रमाणही मध्येच बदलले. आधीचे प्रमाण अमेरिकेतील बालकांवरून ठरवले होते, आणि त्यांतील लहान वयाच्या मुलांपैकी पुष्कळ बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये त्याजागी नवे प्रमाण आणले. ते पेलोटस, आक्रा, दिल्ली, ओस्लो, मस्कत आणि डेव्हिस या सहा ठिकाणच्या, अनुकूल परिस्थितीत व स्तनपानावर वाढलेल्या बालकांच्या मोजमापांवरून सिद्ध केले होते.

या बदलाचा परिणाम किती झाला हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या फेरीतील बालके जुन्या प्रमाणाने शेकडा ४७ अल्पभार, शेकडा ४६ खुजी आणि शेकडा १६ कृश ठरली होती. त्याच बालकांची तीच मोजमापे नव्या प्रमाणाशी ताडली तेव्हा अल्पभार शेकडा ४३ वर उतरले, खुजेपणा शेकडा ५१ वर चढला आणि कृशता शेकडा २० झाली. एकाही बालकाच्या शरीरात तिळमात्र फरक न पडता देशाच्या पोषणाचे चित्र पालटले. जुन्या अहवालातील एक आकडा आणि नव्या अहवालातील दुसरा आकडा शेजारी मांडून प्रगती किंवा अधोगती सिद्ध करणारे लेखन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतही आढळते. त्यातील बराचसा भाग या प्रकारात मोडतो. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः तिसऱ्या, चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) या तीन फेऱ्यांपुरते मर्यादित ठेवले आहे. या तिन्हींमध्ये वयोमर्यादा एकच आहे आणि प्रमाणही एकच.

प्रथम उंचीचा नकाशा घेऊ. संपूर्ण देशात खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये शेकडा ४८ होते. ते २०१५-१६ मध्ये ३८.४ आणि २०१९-२१ मध्ये ३५.५ झाले. प्रारंभी या नकाशाचा उतार उत्तरेकडून दक्षिणेकडे स्पष्ट होता. २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशात शेकडा ५६.८ आणि बिहारमध्ये ५५.६ बालके खुजी होती, तर तामिळनाडूत ३०.९ आणि केरळात २४.५. पंधरा वर्षांत हा उतार बराच सौम्य झाला. उत्तर प्रदेश ३९.७ वर आणि बिहार ४२.९ वर आला. उत्तर प्रदेश आणि केरळ यांतील अंतर ३२ अंकांवरून १६ वर आले, म्हणजे निम्मे झाले. परंतु या निम्मे होण्यात काही अंश केरळच्या पीछेहाटीचाही आहे; तेथील आकडा चौथ्या फेरीत १९.७ पर्यंत उतरून पाचव्या फेरीत पुन्हा २३.४ वर चढला. गुजरात, तेलंगणा, हिमाचल प्रदेश, गोवा आणि महाराष्ट्र येथेही चौथ्या व पाचव्या फेरीच्या दरम्यान सुधारणा थांबली किंवा उलटली. मागासलेले प्रदेश पुढे येत आहेत आणि पुढारलेले जागच्या जागी उभे आहेत, असे या नकाशाचे अलीकडचे रूप आहे.

कृशतेचा नकाशा याहून अगदी निराळा आहे, आणि तो एका दिशेने सरकतही नाही. देशाची सरासरी तीन फेऱ्यांत १९.८, २१.० आणि १९.३, म्हणजे जवळजवळ स्थिर. मात्र त्या स्थिर सरासरीच्या आत मोठ्या उलथापालथी झाल्या. मध्य प्रदेशात कृश बालके शेकडा ३५.० होती, ती २५.८ व नंतर १९.० झाली. झारखंडात ३२.३ वरून २२.४ वर आली. गुजरातेत ती १८.७ वरून २६.४ वर चढून २५.१ वर राहिली. कर्नाटकात १७.६ वरून २६.१ वर जाऊन पुन्हा १९.५ वर उतरली. केरळात मात्र १५.९, १५.७ आणि १५.८ असे आकडे आहेत. पंधरा वर्षांत काडीचाही फरक नाही. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार शेकडा १५ वा त्याहून अधिक कृशता 'अत्यंत जास्त' समजली जाते. म्हणजे देशातील सर्वांत कमी अर्भकमृत्यूंच्या प्रदेशांपैकी एक असलेले केरळही या कसोटीस उतरत नाही.

महाराष्ट्राच्या आकड्यांत हे दोन नकाशे एकमेकांपासून सर्वांत ठळकपणे फुटलेले दिसतात. येथे खुजेपणा ४६.३ वरून ३४.४ वर आला आणि नंतर ३५.२ वर थबकला. कृशता १६.५ वरून २५.६ वर गेली आणि पाचव्या फेरीतही २५.६ च राहिली. त्यातील तीव्र कृशता, म्हणजे मध्यकाखाली तीन प्रमाण विचलनांपलीकडची, ९.४ वरून १०.९ झाली. अल्पभार बालकांचे प्रमाण तिन्ही फेऱ्यांत ३७.०, ३६.० व ३६.१ असे आहे. ज्याने केवळ हे शेवटचे सदर पाहिले त्यास महाराष्ट्रात पंधरा वर्षांत काहीच घडले नाही असे वाटेल. प्रत्यक्षात दोन विरुद्ध हालचाली झाल्या आणि वजनाच्या एका आकड्यात त्या परस्परांना छेदून अदृश्य झाल्या.

उत्तर प्रदेशाशी तुलना केल्यास याचे महत्त्व अधिक उघड होते. पाचव्या फेरीत उत्तर प्रदेशात खुजी बालके महाराष्ट्राहून अधिक होती, ३५.२ च्या तुलनेत ३९.७. पण तेथील कृशता १७.३ होती, आणि त्यामुळे अल्पभार बालके ३२.१ निघाली, महाराष्ट्राहून चार अंकांनी कमी. दरडोई उत्पन्न, स्त्रीसाक्षरता, अर्भकमृत्यू या सर्व निकषांवर महाराष्ट्र पुढे असून बालकांच्या वजनात मागे, ही गोष्ट या राज्याच्या आत्मप्रतिमेस मानवणारी नाही; कदाचित त्यामुळेच तिची चर्चा फारशी झाली नाही. दोन्ही राज्यांतील क्षेत्रकार्य एकाच काळात झाले नाही हे खरे. महाराष्ट्रातील २०१९ च्या उत्तरार्धात झाले, उत्तर प्रदेशातील २०२० च्या आरंभापासून पुढे, काही साथीच्या खंडाआधी आणि काही त्यानंतर. ऋतूचा फरक काही अंक खालीवर करू शकेल. आठ अंकांचे अंतर त्याने संपूर्ण पुसले जाईल असे मानण्यास मात्र आधार नाही.

महाराष्ट्रातील कृशतेची वाढ खरोखरच इतकी मोठी होती काय, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. दुसऱ्या फेरीत, जुन्या प्रमाणाने व तीन वर्षांखालील बालकांत, महाराष्ट्रातील खुजेपणा ३९.९ होता आणि देशातील ४५.५, कृशता मात्र महाराष्ट्रात २१.२ आणि देशात १५.५ होती. त्याही वेळी महाराष्ट्राचे मूल देशातील सरासरी मुलापेक्षा उंच पण सडपातळ होते. म्हणजे १९९८-९९ मध्ये व २०१५ नंतर हे राज्य कृशतेत देशाच्या पुढे आहे, आणि मधल्या २००५-०६ मध्येच तेवढे मागे आहे. हे पाहता तिसऱ्या फेरीतील १६.५ हा आकडा अपवाद असावा आणि त्यापासून मोजलेली वाढ काही अंशी फुगलेली असावी, असा तर्क सयुक्तिक ठरतो. तथापि वाढ आभासी मानली तरी मूळ तक्रार हलकी होत नाही, उलट जुनी ठरते. राज्यातील दर चार बालकांमागे एक कृश असणे ही अलीकडची आपत्ती नसून मुरलेली अवस्था आहे, असेच म्हणावे लागते.

मधल्या काळात आणखी एक पाहणी झाली, आणि तिच्या आकड्यांवरून बराच गोंधळ माजला. २००५ मध्ये राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले होते. त्याच्या पहिल्या टप्प्यात आदिवासी भागांतील श्रेणी तीन व चारच्या बालकांवर भर होता. दुसऱ्या टप्प्यात गर्भधारणेपासून दोन वर्षे वयापर्यंतच्या पहिल्या हजार दिवसांवर. २०१२ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने दोन वर्षांखालील बालकांची राज्यव्यापी पाहणी केली. त्या वयोगटात खुजेपणा सहासात वर्षांत एकतृतीयांशाहून अधिक असलेल्या पातळीवरून सुमारे चतुर्थांशावर आल्याचे तीत आढळले. हे यश देशापलीकडेही अभ्यासले गेले. तीन वर्षांनी चौथ्या फेरीने ३४.४ हा आकडा दिला तेव्हा सुधारणा खोटी होती अथवा सगळे पुन्हा बिघडले, असे दोन्ही बाजूंनी बोलले गेले. वस्तुतः एक आकडा दोन वर्षांखालील बालकांचा होता आणि दुसरा पाच वर्षांखालील. खुजेपणा जन्मानंतर साचत जातो. तिसऱ्या फेरीत देशभरातील सहा महिन्यांखालील बालकांत तो सुमारे शेकडा २० होता आणि दीड ते दोन वर्षांच्या बालकांत सुमारे शेकडा ५८. त्यामुळे लहान वयोगटाची सरासरी मोठ्या वयोगटाहून कमी निघणे स्वाभाविकच आहे. त्या दोन आकड्यांवरून प्रगती झाली असेही म्हणता येत नाही आणि झाली नाही असेही.

कृशतेचा वयाशी संबंध नेमका उलट आहे. तिसऱ्या फेरीत सहा महिन्यांखालील बालकांतच ती सर्वाधिक, सुमारे शेकडा ३०, होती आणि पुढे ती उतरत गेली. या एका वस्तुस्थितीने पुष्कळ प्रचलित समजुतींना धक्का बसतो. आईच्या दुधावर असलेले, अजून एकही घास न घेतलेले मूल सर्वांत कृश असेल, तर कृशतेचे मूळ केवळ घरातील धान्याच्या डब्यात अथवा अंगणवाडीच्या खिचडीत शोधून चालणार नाही. ते गर्भावस्थेपर्यंत मागे जाते. वरच्या अन्नाची दशाही चांगली नाही हे खरे. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बालकांपैकी पुरेसा आणि वैविध्यपूर्ण आहार मिळणारी मुले चौथ्या आणि पाचव्या अशा दोन्ही फेऱ्यांत महाराष्ट्रात दहांत एकही भरली नाहीत. पण ते कारण मुख्यतः उंचीच्या खात्यावर मांडावे लागेल.

गर्भावस्थेविषयीचा एक अत्यंत मोलाचा पुरावा महाराष्ट्रातीलच आहे. पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातांचा पोषणविषयक अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम होते. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्टनच्या बालकांचे ३.५. ही पाऊण किलोहून अधिक असलेली तूट सर्व अवयवांत सारखी वाटली गेली नव्हती. स्नायू आणि उदरातील अवयव फार लहान होते, तर त्वचेखालील मेद त्या मानाने राखला गेला होता. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक होते त्यांची बालके आकाराने मोठी होती. ही खेडी काही मेळघाटातील किंवा सातपुड्यातील नव्हेत. पश्चिम महाराष्ट्राच्या तुलनेने सुस्थितीतील ग्रामीण भागात हे आढळले, आणि म्हणूनच राज्याच्या सरासरीत कृशता इतकी पसरलेली का आहे याचा काही उलगडा त्यातून होतो. असे मूल म्हणजे नुसते रिकामे भांडे नव्हे की त्यात उष्मांक ओतले म्हणजे भरेल. स्नायूंऐवजी मेदच वाढवणारे पोषण पुढे मधुमेहाची वाट सुकर करते, ही शंका याच संशोधनपरंपरेने बलवत्तर केली आहे.

मातांच्या कृशतेवर सगळा भार टाकणे मात्र सोपे नाही. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत कृश स्त्रियांचे प्रमाण तीन फेऱ्यांत ३६.२, २३.५ आणि २०.८ असे झपाट्याने घटले, आणि त्याच काळात बालकांची कृशता घटली नाही. या विसंगतीचा एक भाग असा की, या आकड्यांत सर्व वयांच्या स्त्रिया येतात, आणि मूल जन्मास घालणारी विशी-बाविशीची स्त्री तिशीपुढील स्त्रीपेक्षा सामान्यतः सडपातळ असते. दुसरा भाग असा की, आईची शरीरयष्टी ही तिच्या स्वतःच्या बालपणाचीही ठेव असते. तिचे आजचे वजन वाढले म्हणून ती ठेव बदलत नाही. बालके जगू लागली, म्हणून कृश बालके गणनेत शिल्लक राहू लागली, असेही एक स्पष्टीकरण पुढे केले जाते. नमुना नोंदणी पद्धतीप्रमाणे राज्यातील अर्भकमृत्युदर २००५ मधील ३६ वरून २०२० मध्ये १६ वर आला. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बालकांची शुश्रूषा करण्याची जी पद्धत बसवली तिने अत्यल्प वजनाची बालकेही वाचवता येतात हे १९९९ मध्येच दाखवून दिले होते. या स्पष्टीकरणात तथ्य आहे, परंतु ते थोडेच असावे. दर हजारी वीस बालके अधिक जगली आणि ती सर्व कृश राहिली असे धरले, तरी कृशतेचे प्रमाण शेकडा दोनाहून अधिक वाढत नाही.

येथे एका जुन्या वादाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी पां. वा. सुखात्मे आणि वि. म. दांडेकर या पुण्यातीलच दोन विद्वानांत अल्पपोषणाच्या मापनावरून मोठा खल झाला. माणसाची उष्मांकांची गरज स्थिर नसते, शरीर मर्यादेत राहून जुळवून घेते, असे सुखात्मे यांचे प्रतिपादन होते. दारिद्र्याच्या मोजणीत त्या प्रतिपादनाने जे घडते ते दांडेकरांना मान्य नव्हते. त्याच सुमारास डेव्हिड सेकलर यांनी 'लहान पण निरोगी' हा सिद्धान्त मांडला आणि सी. गोपालन यांनी त्याचा कडाडून समाचार घेतला. खुजेपणा म्हणजे निरुपद्रवी समायोजन नव्हे, हे गोपालन यांचे म्हणणे पुढील संशोधनाने पुष्कळ अंशी उचलून धरले आहे. परंतु महाराष्ट्राच्या संदर्भात एक बारकावा सुटू नये. सेकलर यांच्या 'लहान पण निरोगी' बालकाची उंची कमी असली तरी उंचीला वजन साजेसे असावे लागत होते. प्रारंभी वर्णिलेल्या दोन मुलींपैकी पहिलीचीच ती बाजू होती. दुसरीला, जिच्यासारखी मुले महाराष्ट्रात इतकी आहेत, त्या सिद्धान्तातही आसरा नव्हता.

राज्याच्या आतील भेद हे याहून परिचित प्रकरण. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यू उजेडात आले आणि पाठोपाठ मेळघाटातील. तेव्हापासून कुपोषण म्हटले की वारली, कातकरी आणि कोरकू वस्त्यांकडे बोट दाखवण्याची सवय लागली. ती चूक नाही. नंदुरबार जिल्ह्यात, जेथे २०११ च्या जनगणनेप्रमाणे शेकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे होते, चौथ्या आणि पाचव्या दोन्ही फेऱ्यांत निम्म्याहून अधिक बालके अल्पभार आढळली. तेथे दोन्ही नकाशे एकमेकांवर पडतात : मूल खुजेही असते आणि कृशही. पण संपूर्ण राज्यात अनुसूचित जमातींचा वाटा त्याच जनगणनेत शेकडा ९.४ होता. त्यांतील प्रत्येक मूल कृश धरले, तरी राज्यातील चारांपैकी एक हे प्रमाण त्यातून निघत नाही. आदिवासी भागातील कुपोषण तीव्र आहे म्हणून उरलेल्या महाराष्ट्रातील कुपोषण सौम्य आहे असा जो ग्रह झाला, त्याने राज्याचे दुसरे, अधिक पसरलेले दुखणे झाकून टाकले.

जिल्हावार आकडे चौथ्या फेरीपासून मिळू लागले. त्या फेरीत देशातील सर्व ६४० जिल्हे आले होते. त्यांच्यामुळे जिल्ह्यांच्या क्रमवाऱ्या लावण्याचा छंद फैलावला आहे. एका जिल्ह्यात तीनशे बालके मोजली आणि त्यांत शेकडा ३० कृश निघाली असे धरले, तर साध्या यादृच्छिक नमुन्याच्या हिशेबानेच खरे प्रमाण २५ ते ३५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. पाहणीतील नमुना गावागावांच्या समूहांतून घेतलेला असल्याने ही मर्यादा आणखी रुंदावते. दोन फेऱ्यांतील फरक तर सातआठ अंकांहून मोठा असल्याखेरीज त्यावर मजकूर रचू नये. सातवा जिल्हा अकरावा झाला म्हणून जिल्हाधिकाऱ्यास जाब विचारण्यात संख्याशास्त्रास गोवण्याचे कारण नाही.

नमुन्याहूनही अवघड प्रश्न काळवेळेचा आहे. खुजेपणा महिन्यागणिक बदलत नाही, कृशता बदलते. आषाढ-श्रावणात घरातील धान्य सरत आलेले असते, आई दिवसभर लावणीच्या किंवा निंदणीच्या कामावर असते आणि हगवण व ताप यांचा जोर असतो. त्या दिवसांत मोजलेले मूल आणि सुगीनंतर मोजलेले तेच मूल यांत फरक पडतो. पाचव्या फेरीतील महाराष्ट्राचे क्षेत्रकार्य पावसाळ्यात सुरू झाले, आणि तेही ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाल्यानंतरच्या वर्षी. चौथी फेरीही २०१५ या अवर्षणाच्या वर्षी झाली होती. हे योगायोग राज्याच्या आकड्यांत किती शिरले आहेत हे ठरवायचे, तर एकाच गावातील तीच बालके वर्षातून तीनचार वेळा मोजली पाहिजेत. पाचसहा वर्षांनी एकदा होणाऱ्या पाहणीकडून ते काम होणारे नाही.

अंगणवाड्यांतून आता वजनाबरोबर उंचीही नोंदवली जाते. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाल्यानंतर आणि २०२१ पासून नोंदी यंत्रावर जाऊ लागल्यानंतर तशी सोय झाली. महिन्याकाठी मिळणाऱ्या या मोजणीतून ऋतूचा प्रश्न सुटू शकेल, मात्र एका अटीवर. अक्कलकुवा आणि धडगाव येथील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात, जव्हार-मोखाड्यातील वीटभट्ट्यांवर, बीडमधील उसाच्या फडांवर. लहान मुले त्यांच्याबरोबर जातात आणि होळीच्या आगेमागे किंवा त्यानंतर परततात. त्या चारपाच महिन्यांत मूळ गावच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे रिकामी जागा राहते आणि कामाच्या ठिकाणच्या वहीत त्यांचे नावच नसते. गावात शिल्लक राहिलेल्या बालकांच्या मोजमापांवरून काढलेली हिवाळ्यातील सरासरी त्यामुळे चांगली दिसते; परत आलेली मुले मोजली गेली की उन्हाळ्यात ती पुन्हा घसरते. हा उतार ऋतूचा की गैरहजेरीचा, हे ओळखण्यासाठी प्रत्येक महिन्याच्या सरासरीबरोबर त्या महिन्यात किती बालके मोजली गेली नाहीत हा आकडाही छापणे आवश्यक आहे.